जुन्या बोलेरोची खटखट: पुढचं सस्पेन्शन तपासायचं कसं, बदलायचं कसं आणि त्याचे पैसे घ्यायचे कसे



गॅरेज टाकायचं म्हणून भेटायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न हमखास मशीनचा असतो. "सर, टू-पोस्ट लिफ्ट घेऊ का? स्कॅनर कुठला घेऊ? मुद्रा लोन किती काढू?" मी उलटा प्रश्न विचारतो. समज, उद्या तुझ्या दारात एक जुनी बोलेरो आली. मालक म्हणाला, पुढून खटखट येते. तू जॅक कुठे लावशील?

बहुतेक जण हसतात. जॅक काय, जिथे बसेल तिथे लावायचा! मी मात्र हसत नाही. कारण या प्रश्नाचं उत्तर एके काळी मलाही माहीत नव्हतं, आणि त्यापायी एक कुटुंब अगदी थोडक्यात वाचलं. तो किस्सा पुढे सांगतो. आधी हे बघू की नव्या गॅरेजवाल्याने या कामाकडे लक्ष का द्यावं.

बोलेरो बाजारात आली २००० साली. आज तालुक्याच्या कुठल्याही बाजारात उभे राहा, दहा-पंधरा वर्षांच्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ डझनाने दिसतील. मालक त्या विकत नाहीत. इंजिन चांगलं चालतं, मागे दहा पोती बसतात, आणि नवी गाडी परवडत नाही. त्यात खाजगी गाडीला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण करावं लागतं, त्याआधी गाडी फिटनेसला उभी करावी लागते, आणि नूतनीकरण मिळतं ते ५ वर्षांसाठी. म्हणजे मालकाला गाडी अजून पाच वर्षं चालवायचीच आहे. आणि आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता, त्यावर गावोगावी हौसेने घातलेले गतिरोधक. हा सगळा मार गाडीत पहिला कोण खातं? पुढचं सस्पेन्शन. इंजिनचं काम वर्षातून एकदा निघेल, पण पुढची खटखट घेऊन रोज कुणीतरी येणार.

काम भरपूर आहे, पण याच कामात नवं गॅरेज बदनामही लवकर होतं. कारण इथे आवाज एका ठिकाणी येतो आणि बिघाड दुसरीकडे असतो.

तीनदा आलेली गाडी

माझं गॅरेज सुरू होऊन दुसरं वर्ष असेल. एक शेतकरी गृहस्थ २००८ची बोलेरो घेऊन आले. तक्रार एवढीच, खड्ड्यात डाव्या बाजूने खट आवाज येतो. मी गाडी चॅसीखाली जॅक लावून उचलली, चाक हलवून पाहिलं, काही हललं नाही. शॉकअपवर तेल दिसलं. झालं, निदान पक्कं! दोन्ही शॉकअप बदलले, पैसे घेतले, गाडी दिली.

चार दिवसांनी परत. आवाज तसाच. मग स्टॅबिलायझरची लिंक आणि बुश बदलले. दोन दिवस बरं वाटलं म्हणे. आठवड्याने तिसऱ्यांदा आले. या वेळी टाय रॉड एंड बदलले, त्यातल्या एकात थोडा प्ले होताही. मजुरी घेतली नाही, फक्त पार्टचे पैसे घेतले, आणि आपण किती प्रामाणिक आहोत असं स्वतःला वाटून घेतलं.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. गावातल्या गतिरोधकावरून गाडी उतरवताना डावं चाक आत वाकडं होऊन मडगार्डमध्ये अडकलं होतं. खालचा बॉल जॉइंट सॉकेटमधून निसटला होता. गाडीत त्यांचे वडील आणि दोन मुलं. वेग दहाचा होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. अर्ध्या तासापूर्वी हीच गाडी घाटातून उतरली होती.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "गाडी तीनदा तुमच्याकडे होती."

गाडी टो करून आणली. शेजारच्या गावातले एक वयस्कर मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, त्यांना मी बोलावलं. त्यांनी मोडलेल्या डाव्या बाजूकडे पाहिलंच नाही. उजवीकडे गेले, जॅक चॅसीखालून काढून लोअर आर्मखाली लावला, चाक दोन बोटं उचललं, टायरखाली पहार घालून वर ढकलली. टक! बॉल जॉइंट डोळ्यांना दिसेल इतका हलला. उजवा जॉइंटही जाण्याच्या वाटेवर होता. मी हेच चाक तीनदा हलवून पाहिलं होतं. जॅकची जागा तेवढी वेगळी होती.

जॅक कुठे, हे का महत्त्वाचं

आता हे नीट समजून घ्या, घाई करू नका.

ज्या बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आहे, तिच्या प्रत्येक पुढच्या चाकाला दोन आर्म असतात, वरचा आणि खालचा. दोन्हींच्या टोकाला एकेक बॉल जॉइंट, आणि त्या दोन जॉइंटच्या मध्ये चाकाचा नकल. स्प्रिंग टेकते लोअर आर्मवर. म्हणजे गाडीचं वजन चॅसीवरून स्प्रिंगवर, स्प्रिंगवरून लोअर आर्मवर, तिथून खालच्या बॉल जॉइंटवर आणि मग चाकावर उतरतं. वरचा जॉइंट चाकाला सरळ धरून ठेवतो, ओझं खालचा वाहतो. म्हणून आधी झिजतो तो बहुधा खालचा.

तुम्ही चॅसीखाली जॅक लावला की चाक लोंबकळतं. पण स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही, ती आर्मला खाली रेटतच असते. त्या रेट्याने झिजलेला जॉइंटही एका बाजूला घट्ट दाबून बसतो. तुम्ही चाक कितीही हलवा, हाताच्या जोराने ती स्प्रिंग हलणार नाही. प्ले असूनही दिसत नाही.

जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावला की स्प्रिंगचा भार जॅक घेतो. जॉइंट मोकळा होतो, आणि त्यात प्ले असेल तर तो उघडा पडतो. आर्म इतकाही उचलू नका की वरचा रबर स्टॉप टेकेल. टायर जमिनीपासून दोन-तीन बोटं सुटला की पुरे.

पण हा नियम सगळ्या गाड्यांना लावायचा नाही हं! स्विफ्ट किंवा डस्टरला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. तिथे वजन स्ट्रटवरून उतरतं, खालचा बॉल जॉइंट फक्त दिशा धरतो. तिथे चॅसीखालीच जॅक लावून चाक लोंबकळू द्यायचं. म्हणून सोपा प्रश्न लक्षात ठेवा: स्प्रिंग कशावर टेकली आहे? लोअर आर्मवर टेकली असेल तर भार त्या आर्मखालून उचला. सुरुवातीच्या काही बोलेरोंना पुढे पाटेच आहेत, त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, ती आज घेत नाही.

पाना हातात घेण्याआधी

मालकाला विचारा: आवाज कधी येतो? आणि मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. गिऱ्हाईक "खटखट" या एकाच शब्दात सहा वेगवेगळे आवाज सांगतं. बारीक खड्ड्यांवरून सावकाश जाताना खटखट असेल तर स्टॅबिलायझर लिंक, तिचे बुश आणि बॉल जॉइंट आधी बघायचे. गतिरोधकावर धप्प असं येत असेल तर शॉकअप किंवा बम्प स्टॉप. ब्रेक मारताना किंवा क्लच सोडून गाडी निघताना एकच ठोका पडत असेल तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कर्रर आवाज म्हणजे कोरडा पडलेला बॉल जॉइंट. आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घूं म्हणजे बहुतेक व्हील बेअरिंग किंवा टायर, तिथे सस्पेन्शन उघडून काही मिळणार नाही. हे अंदाज आहेत, निकाल नव्हे. तपासायला सुरुवात कुठून करायची एवढंच यातून कळतं.

मग मालकाला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवा. आवाज आला की त्यांना विचारा, "हाच ना?" तुम्ही एक आवाज बंद कराल आणि त्यांची तक्रार भलत्याच आवाजाची असेल, असं फार वेळा होतं.

परत आल्यावर टायर बघा. टायर म्हणजे गाडीची डायरी. नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. आतली किंवा बाहेरची एकच कड खाल्ली असेल तर कॅम्बर, आणि कॅम्बर आपोआप बिघडत नाही, तो बहुधा झिजलेल्या बुशमुळे किंवा बॉल जॉइंटमुळे किंवा वाकलेल्या आर्ममुळे बिघडतो. ठरावीक अंतराने खळगे पडले असतील तर शॉकअपवर संशय घ्या. बॅलन्सिंग न केल्यानेही असं होतं, म्हणून फक्त संशय.

शॉकअपबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण मी स्वतः त्यात फसलोय. शॉकअपवर तेलाचा हलका, धूळ चिकटलेला थर असणं म्हणजे शॉकअप गेलाच असं नाही. तेल ओघळत असेल, थेंब लोंबत असेल तर गेला. गाडीचा कोपरा दाबून सोडा, गाडी वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप कमजोर. मात्र एवढ्या चाचणीने थोडा कमजोर शॉकअप पकडता येत नाही. म्हणून नुसता कोपरा दाबून "शॉकअप ओके" असं लिहून देऊ नका.

चाक हातात घेऊन तपासणी

जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. चॅसीला स्टँड, म्हणजे आपली घोडी, लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालू नका. विटा, दगड, लाकडाचा ठोकळा यांवर गाडी उभी करणारे गॅरेजवाले मी पाहिलेत. एकाची बोटं गेलेलीही पाहिली आहेत. मागच्या चाकांना उटी लावा.

आता टायर वरून आणि खालून धरा, घड्याळातल्या १२ आणि ६ वर. आत-बाहेर हलवा. प्ले लागला तर पोराला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंटचा. ही युक्ती फुकट आहे आणि हिने हजारो रुपयांची चूक वाचते. कोणता जॉइंट, वरचा की खालचा, हे बघायला जॉइंटवर बोट ठेवा. बोटाला टकटक कळते.

मग टायरखाली पहार घालून हलकेच वर उचला आणि सोडा. हा खालच्या जॉइंटचा उभा प्ले. किती चालतो याची मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती बघा. अंदाजाने "एवढं चालतंय" म्हणू नका. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल तर प्ले नसला तरी मालकाला सांगून ठेवा, कारण आत माती गेली की जॉइंट फार दिवस टिकत नाही.

टायर ३ आणि ९ वर धरून हलवला की स्टिअरिंगच्या जोडांचा प्ले कळतो. पण टाय रॉड एंड पकडायची उत्तम पद्धत वेगळीच आहे. गाडी चार चाकांवर जमिनीवर उभी, पोरगा स्टिअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवतोय आणि तुम्ही एकेका जोडावर हात ठेवून बसलाय. जो जोड झिजलाय त्यात आधी रॉड हलतो, मग पुढचा भाग. गाडीचं वजन चाकांवर असल्यामुळे लपलेला प्लेही इथे सापडतो.

बुश बघताना टॉर्च आणि टॉमी लागते. टॉमी आर्म आणि चॅसीच्या मध्ये घालून हलका रेटा द्या. रबर थोडं दबणारच, त्याचं कामच ते आहे. वरवरच्या बारीक भेगा म्हणजे बुश गेलं नव्हे. रबर लोखंडी नळीपासून सुटलं असेल, बोल्ट मध्यभागातून सरकलेला दिसत असेल, किंवा धातूला धातू घासल्याची चकाकी असेल, तर गेलं.

हे सगळं रोज केलं तर पाऊण तास लागतो. सवय झाली की पंचवीस मिनिटं.

बदलताना

आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पंधरा वर्षांच्या गाडीत बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो, सकाळी हातोडा मारत बसण्यात अर्धा दिवस जातो. मालकाला आधीच सांगा की बोल्ट कापावा लागू शकतो आणि नवा बोल्ट बिलात येईल. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

खोलण्याआधी मोबाइलने फोटो काढा. आर्मच्या बोल्टजवळ पातळ पत्र्या, म्हणजे शिम, असतील तर कुठे किती होत्या ते लिहून ठेवा. त्यांवर कॅम्बर ठरलेला असतो.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. लोअर आर्मवर बसलेली स्प्रिंग दाबलेली असते, आणि तिला दाबून धरणाऱ्यांत खालचा बॉल जॉइंटही असतो. आर्मखाली जॅक न ठेवता तो जॉइंट सोडवला तर आर्म खाली आपटतो आणि स्प्रिंग गोळीसारखी बाहेर येते. यात माणसं मेली आहेत. आर्मखाली जॅक, चॅसीखाली घोडी आणि स्प्रिंग पूर्ण काढायची असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर नसेल तर ते काम त्या दिवशी घ्यायचं नाही. तार किंवा साखळदंड बांधून भागवणारे उस्ताद भेटतील, त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, एवढं सोडून.

बॉल जॉइंटचा निमुळता दांडा नकलमध्ये घट्ट बसलेला असतो. त्याला पुलर वापरा. फोर्क ठोकलात तर बूट फाटतो, जॉइंट फेकायचाच असेल तर चालेल, पण शेजारचा चांगला जॉइंट तुम्ही तसाच खराब कराल. बोलेरोच्या वर्षाप्रमाणे आणि मिळणाऱ्या पार्टप्रमाणे जॉइंट बोल्टने बसणारा असतो, प्रेसने बसणारा असतो किंवा अख्खा आर्मच घ्यावा लागतो. गाडी खोलायच्या आधी चॅसी नंबर घेऊन स्पेअरवाल्याकडे जा. उघडी गाडी घोडीवर आणि पार्ट दोन दिवसांनी येणार, यात जागा अडकते आणि त्या जागेचे पैसे कुणी देत नाही.

नवा जॉइंट बसवताना निमुळता भाग आणि त्याचं भोक कोरडं, स्वच्छ पाहिजे. तिथे ग्रीस लावू नका. नट सांगितलेल्या टॉर्कला आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, कधीही मागे सैल करून नाही. पिन नवीनच घाला. दहा रुपयांचीही नसते ती, आणि जुनी वाकवून परत घालणारा मेकॅनिक मी माझ्याकडे ठेवला नाही.

बुश प्रेसवर बसवा. प्रेस नसेल तर आर्म काढून लेथवाल्याकडे न्या, हातोड्याने ठोकलेलं बुश तिरकं बसतं. घालायला सोपं जावं म्हणून ग्रीस किंवा इंजिन ऑइल फासू नका, तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

आणि ही चूक तर दहातले आठ जण करतात. गाडी घोडीवर, चाकं लोंबकळत असताना आर्मच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळून टाकतात. बुश रबराचं असतं, ते बोल्टभोवती फिरत नाही, पिळतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलंत तर गाडी खाली उतरवताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. नवं बुश काही महिन्यांत फाटतं. मग आपण म्हणतो, "पार्ट डुप्लिकेट निघाला." पार्ट चांगला होता, आपला क्रम चुकला होता. बोल्ट नुसते हाताने टेकवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीनदा दाबून बसवा, आणि मग शेवटचं आवळा. खाली हात पुरत नसेल तर आर्मखाली जॅक लावून गाडीच्या नेहमीच्या उंचीपर्यंत उचलून आवळा.

शॉकअप आणि आर्मचे बुश जोडीने बदला. टाय रॉड एंड एकच गेला असेल आणि दुसरा घट्ट असेल तर एकच बदलायला हरकत नाही, पण तपासून मगच. जुना काढताना किती आटे फिरले ते मोजून नवा तितकेच फिरवा, म्हणजे गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाते. अलाइनमेंट मात्र ऐच्छिक नाही, करायचीच. स्वतःचं मशीन नसू दे. जवळच्या अलाइनमेंटवाल्याशी बोलून ठेवा आणि त्याने छापून दिलेली आधीची-नंतरची चिठ्ठी मालकाच्या हातात द्या.

आता पैशाचं बोलू

त्या घटनेनंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, त्या गृहस्थांचे शॉकअप आणि लिंकचे पैसे परत दिले आणि दोन्ही बॉल जॉइंट माझ्या खर्चाने घातले. ते जवळजवळ महिन्याचं भाडं होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लागलो. ३०० रुपये. पार्ट बदलो न बदलो.

पहिले दोन महिने लोक भडकले. "नुसतं बघायचे पैसे?" काही निघूनही गेले. पण जरा हिशोब करा. समजा, तुमचं गॅरेज दिवसाला १,५०० रुपये कमावतं तेव्हा भाडं, पगार, वीज निघते. एक गाडी परत आली आणि जागा अर्धा दिवस अडली, तर ७५० रुपये गेले, वर फुकटची मजुरी, वर गिऱ्हाईकाचं मन. तीनदा परत आली तर पहिल्या बिलातला सगळा नफा धुऊन निघतो. अंदाजाने पार्ट बदलणारा माणूस स्वस्त वाटतो, पण त्याचं गॅरेज आतून पोखरत असतं.

अनेक जण सल्ला देतात की काम दिलं तर तपासणी फी बिलातून वजा करा. मी करत नाही, तुम्हीही करू नका. वजा केलीत की गिऱ्हाईकाला वाटतं, हा फी वसूल करायला काहीतरी बिघाड काढणारच. आणि खरं सांगू? आपल्यालाही तसा मोह होतो. फी वेगळी असली की "काका, जॉइंट ठीक आहेत, फक्त लिंकचं बुश बदला" हे सांगताना हात आखडत नाही.

या ३०० रुपयांत मी गिऱ्हाईकाला काय देतो? एक कागद. त्यावर दोन्ही बाजूंचे सगळे जोड आणि बुश, आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा: आजच बदला, पुढच्या सर्व्हिसला बघू, ठीक आहे. आणि "आजच बदला" लिहिलेला प्रत्येक पार्ट मालकाच्या हाताने हलवून दाखवतो. पहार त्यांच्या हातात देतो. "तुम्हीच उचला काका, बघा टक वाजतंय का." स्वतःच्या हाताला टक कळलेला माणूस दराची घासाघीस फार करत नाही. जुने पार्ट पिशवीत घालून गाडीत ठेवतो, मागितले नसले तरी.

आणि खालचा बॉल जॉइंट "आजच बदला" असेल आणि मालक म्हणाला, "दिवाळीनंतर बघू", तर? कागदावर लिहा की गाडी चालवणं धोक्याचं आहे, सही घ्या, आणि गाडी घाटात नेऊ नका असं तोंडाने सांगा. सहीने गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते. माझ्या अनुभवात सही मागितली की बहुतेक जण थांबून विचारतात, "इतकं आहे का?" आणि काम करून घेतात. कुणी तरीही निघालाच, तर दोन दिवसांनी एक फोन करा.

पार्ट कुठल्या दर्जाचा, हेही बिलावर लिहा. कंपनीचा, नावाजलेल्या दुसऱ्या ब्रँडचा की बाजारू. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये बाजारू माल मी बसवत नाही, मालक स्वतः घेऊन आला तरी नाही. लिंकच्या बुशसाठी एवढा आग्रह धरत नाही, ते गेलं तर आवाज येतो, चाक निखळत नाही.

सुरुवातीला अवजारं किती लागतात? तीन टनी घोड्यांची एक जोडी, चांगला ट्रॉली जॅक, बॉल जॉइंट पुलर, स्प्रिंग कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच, पहार, टॉमी, टॉर्च. प्रेस नंतर घ्या, लिफ्ट त्याहून नंतर. यातलं टॉर्क रेंच सगळ्यांना फालतू खर्च वाटतो. घ्या.

गाडी देताना मालकाला सांगा की शंभरेक किलोमीटर झाले की एकदा दाखवून जा, पैसे लागणार नाहीत. ते आले की चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, उघडलेले बोल्ट बघा, स्प्लिट पिन जागेवर आहेत का बघा, नव्या बुटातून ग्रीस आलंय का बघा, आणि त्यांना शेजारी बसवून त्याच खड्ड्यांवरून एक चक्कर मारा. बोलेरोवाले ते गृहस्थ अशा चकरेला आले तेव्हा वडिलांना घेऊन आले होते. वडील मागच्या सीटवर बसले, खिडकी खाली केली आणि पूर्ण रस्ताभर काही न बोलता डाव्या चाकाकडे कान लावून ऐकत राहिले.